सॅन क्वेंटिनची तालीम आणि आपली सांगली

इथे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, रिचमंडहून सॅन राफेलला जाणारा पूल संपत आला की डावीकडे खाडीच्या काठाला सॅन क्वेंटिनचा तुरुंग दिसतो. 1852 सालचा. नऊ वर्षं मी त्याच्यासमोरून कामाला जाते. आत एकदाच गेले, कैद्यांनी बसवलेलं नाटक बघायला. निळी जीन्स घालू नका असं आधीच कळवलं होतं, कारण तो रंग कैद्यांचा. फोन गाडीतच ठेवायचा होता.

त्याबद्दल शाळेच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, तर सांगलीच्या एका मैत्रिणीचं उत्तर आलं : "ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी हे कौतुक कुठल्या डोळ्यांनी बघायचं गं?" तिच्या चुलतभावाचा खून झालाय आणि खटला अजून चालू आहे. कैद्यांच्या भजनाचा किंवा नाटकाचा व्हिडिओ फिरला की खाली "यांचे लाड पुरे" असं लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांना उत्तर देत बसण्यात मला रस नाही. तिला मात्र उत्तर द्यायलाच हवं.

त्या दिवशी प्रयोगानंतर नट प्रेक्षकांशी बोलले. शेक्सपिअरच्या नाटकात बायकोमुलांच्या खुनाची बातमी ऐकणाऱ्या बापाचं काम एका पन्नाशीच्या माणसाने केलं होतं. तो सांगत होता, तीन आठवडे हा प्रवेश मी टाळत होतो. कधी डोकं दुखायचं, कधी कपडे धुवायचे असायचे. दिग्दर्शिकेने एकदा सरळ विचारलं, तुला नक्की काय होतंय? तेव्हा म्हणाला, हा बाप मी पाहिलाय, कोर्टात पहिल्या बाकावर बसायचा, मी सहा दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. बोलताना तो हातातल्या नक्कलेची, म्हणजे संवादांच्या कागदाची, कड दुमडत होता, पुन्हा सरळ करत होता. कागद त्या ठिकाणी कापडासारखा मऊ झाला होता.

शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशालाही त्याला त्या बापाकडे बघायला लावता आलं नव्हतं. म्हणून "लाड" हा शब्द मला पटत नाही. नाटक म्हणजे करमणूक, असं आपण प्रेक्षक म्हणून धरून चालतो. ज्याने तालमी केल्यात त्याला ठाऊक असतं की वेळेवर यावं लागतं, पाठांतर करावं लागतं, समोरचा अडखळला तर त्याला सांभाळून घ्यावं लागतं. बराकीत ज्याच्याशी बोलायचंही नाही, त्याच्याकडून क्यू, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायचा इशारा, घ्यावा लागतो.

या तुरुंगातलं नाटक जुनं आहे. 19 नोव्हेंबर 1957 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाटक मंडळीने सॅम्युएल बेकेट या नाटककाराचं 'वेटिंग फॉर गोदो' इथे जेवणाच्या हॉलमध्ये केलं. निवडलं ते त्यात बाईचं काम नाही म्हणून. सुमारे 1,400 कैद्यांनी ते पाहिलं. रिक क्लुची या जन्मठेपेच्या कैद्याला मात्र कोठडीबाहेर सोडलं नव्हतं. त्याने लाउडस्पीकरवरून नुसतं ऐकलं. पुढे त्याने साथीदार जमवून तुरुंगातच नाट्यशाळा काढली. 1966 मध्ये गव्हर्नरने शिक्षा कमी केल्यावर तो सुटला आणि नंतर थेट बेकेटच्या हाताखाली काम केलं.

त्याच 1957 मध्ये आपल्याकडे शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. कथा गदिमांची, आणि तिच्यामागे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर : औंध संस्थानाने 1939 मध्ये वसवलेली, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत. म्हणजे माणूस वळू शकतो हे आम्हा सांगलीकरांना अमेरिकेने शिकवायची गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये पहिलं नाटक केलं तेही आमच्याच गावात. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यातल्या असून एकत्र का आल्या नाहीत, ही माझी खरी तळमळ आहे. शेजारच्या कर्नाटकात रंगकर्मी हुलुगप्पा कट्टीमनींनी कैद्यांना घेऊन नाटकं बसवली, बाहेरच्या रंगमंचावरही नेली. आपल्याकडे कारागृहांमध्ये तुकोबांच्या नावाने भजन-अभंग स्पर्धा झाली, तिचा मला अभिमान वाटतो. पण अनेकदा तुरुंगातला "सांस्कृतिक कार्यक्रम" म्हणजे बाहेरचे कलाकार येणार, शाल-श्रीफळ होणार, कैदी टाळ्या वाजवणार. सहा महिने आठवड्यातून दोनदा तालीम, हे त्यापेक्षा फार वेगळं काम आहे.

इथलं सगळं तिकडे नेऊन चालणार नाही. अमेरिकेने वीसेक लाख माणसं कोंडून ठेवलीत. तुरुंगाच्या बाबतीत हा देश कोणाचा गुरू होऊ शकत नाही. नाटकातले कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्हा करत नाहीत, असे आकडे संस्था देतात. त्यावरही मी फार भार टाकणार नाही, कारण आपणहून तालमीला येणारा माणूस आधीच थोडा वळलेला असतो. आणि भारतातली अडचण निराळीच. 2022 अखेर आपल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 कच्चे कैदी. ज्याचा गुन्हाच सिद्ध नाही त्याची "सुधारणा" कसली करायची? शिवाय तारीख लागली, जामीन झाला की तालमीतला माणूस जाणार. सुरुवात पक्क्या कैद्यांपासून करावी लागेल, आणि खटले लवकर निकाली निघायला हवेत ही मागणी नाटकाच्या आधी येते. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनाही तेच हवंय.

तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं. पटलं असं ती म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, "तो बाप, कोर्टातला, त्याला कुणी कळवलं का गं, की हा आता हे काम करतो?" मला माहीत नव्हतं. मी त्या माणसाला ते विचारलंच नव्हतं.

डिसेंबरमध्ये सांगलीला जातेय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक मित्र अजून राज्य नाट्य स्पर्धेला नाटक बसवतो. तुरुंगात तालीम घेशील का, असं त्याला लिहिलं. रात्री उत्तर आलं : "बाईची कामं कोण करणार?" बालगंधर्वांचं नागठाणे त्याच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. मी त्याला संहिता पाठवायला सुरुवात केली आहे.