अणुबॉम्ब नाही हो तो, पण झाडायचं कुणी?

२०२३ मध्ये ब्रिटनने युक्रेनला चॅलेंजर २ रणगाड्यांसोबत डिप्लिटेड युरेनियमचे (थोडक्यात डीयू) गोळे देणार म्हटल्यावर जो गदारोळ झाला तो अजून अधूनमधून उसळतो, आणि दरवेळी कुणीतरी "छोटा अणुबॉम्बच की" असं ठोकून देतं. अरे बाबांनो, नाही.

निसर्गातल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ हा प्रकार जेमतेम ०.७ टक्के असतो, तो अणुभट्टीसाठी वेगळा काढला की मागे ढीगच्या ढीग उरतो तो हा डीयू. अणुस्फोट बिस्फोट काही नाही. लष्कराला हवं असतं त्याचं वजन, शिशाच्या दीडपटीहून जास्त, आणि माल आधीच गोदामात पडलेला!

गोळा म्हणायचं, पण आत स्फोटक दारू नसतेच, असते एक सडसडीत सळई, मागे पंख. १२० मिमीच्या नळीतून सुटली की भोवतीचं सॅबो, म्हणजे सळईला नळीत घट्ट धरणारं आवरण, गळून पडतं आणि सळई सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने जाऊन आदळते. वजन तर टंगस्टनलाही आहे, मग हेच का? तर टंगस्टनचं टोक चिलखतात शिरताना अळंबीसारखं पसरतं, डीयूचं मात्र कडेकडेने सोलून निघतं आणि टोक धारदारच राहतं, वर त्याचा बारीक चुरा हवेत आपोआप पेट घेतो, तोही रणगाड्याच्या पोटात. आतल्यांचं काय होत असेल सांगायला नको. चिलखतातही तेच, १९८८ पासून अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्याच्या टरेटला (वरच्या फिरत्या बुरुजाला) पुढून डीयूचा थर आहे, बाकी रचना गुप्त.

आता माझं म्हणणं. अर्धायुष्य (निम्मं युरेनियम विघटित व्हायला लागणारा काळ) साडेचार अब्ज वर्षं म्हणून लोक घाबरवतात, पण अर्धायुष्य एवढं लांब म्हणजे किरणोत्सर्ग उलट मंद, त्यातही मुख्यतः अल्फा कण, ते कातडीच्या आत जात नाहीत. भानगड आहे ती धुळीची. जळल्यावर जी भुकटी होते ती श्वासातून आत गेली की जड धातू म्हणून किडनीला त्रास देऊ शकते, आणि फुटलेल्या रणगाड्यात चढणारा भंगारवाला काही मास्क लावून चढत नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात असा जवळपास ३०० टन माल वाळवंटात पडला. कोसोवोत १९९९ ला अमेरिकेच्या ए-१० लढाऊ विमानांनी डीयू मारलं, आणि नेमकं कुठे मारलं ते यूएनला कळवायला २००० उजाडलं!! राग आहे तो याचा. मारणाऱ्याला जागा माहीत असते ना, मग लगेच द्या, आणि साफसफाईचं बिलही तुम्हीच भरा.

आणि "पर्यायच नाही" हे तर सांगूच नका, जर्मनांनी आपल्या लेपर्ड २ रणगाड्यासाठी टंगस्टनच धरलं आणि नळी लांब करून वेग वाढवला.