‘रोबोट २१ दिवसांत चालवतो’: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. पट्ट्यांना बांधलेला एक तरुण ट्रेडमिलवर पावलं टाकतोय आणि खाली मजकूर आहे: ‘मणक्याला मार लागून पाय गेलेत? रोबोट २१ दिवसांत चालवतो. दुखापत कितीही जुनी असो. फिजिओथेरपीत वेळ घालवू नका. पेशंटला व्हीलचेअरवर बसवू नका, सवय लागते.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा व्हिडिओ बघून एका बापाने यंत्रमाग विकायला काढला, म्हणून हे लिहितेय.

‘रोबोट चालवतो.’ लोकोमॅटसारख्या यंत्रात खुब्याजवळच्या आणि गुडघ्याजवळच्या मोटारी पाय हलवतात, अंगाचं बरंच वजन पट्टे पेलतात. मज्जारज्जू (मणक्यातून जाणारा नसांचा जाड दोर) पूर्ण निकामी झालेल्या माणसाचीही पावलं त्यात अगदी छान पडतात. ती यंत्र टाकतं. पट्टे सोडल्यावर तो तरुण उभा राहतो का, हे व्हिडिओत कुठेच दिसत नाही.

ते मुख्यतः ठरतं दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण यावर, आणि नुसत्या एमआरआयवरून हे ठरवता येत नाही. डॉक्टर टाचणीने, कापसाने अंगभर जाणीव तपासतात, पायांची ताकद बघतात आणि शेवटी गुदद्वारात बोट घालून विचारतात: कळतंय का? आवळता येतंय का? त्या भागाच्या नसा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून निघतात. तिथं थोडी जरी जाणीव असली, तरी मेंदू आणि खालचं अंग यांच्यातला धागा पूर्ण तुटलेला नाही. पण पेशंट संकोचतो, घरचे ‘ते राहू द्या’ म्हणतात, आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी राहून जाते. कृपा करून ती करून घ्या. मारानंतरचा सुरुवातीचा धक्का ओसरला की पुन्हाही करून घ्या.

‘२१ दिवस, दुखापत कितीही जुनी.’ सुधारणा सर्वात जास्त होते ती पहिल्या सहा महिन्यांत, मग वेग मंदावतो. अपूर्ण दुखापतीचे बरेच जण रोबोट न बघताही चालू लागतात. २००६ साली अमेरिका-कॅनडातल्या १४६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची दुखापत ताजी आणि अपूर्ण होती. काहींना वजन पेलणाऱ्या पट्ट्यांसह ट्रेडमिलवर १२ आठवडे चालवलं, बाकीच्यांचा सराव जमिनीवर झाला. दोन्ही गटांच्या चालण्यात एकमेकांच्या तुलनेत फरक दिसला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही रोबोट इतर पद्धतींपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत लवकर सुरू केलेल्यांना फायदा दिसला, तोही अपूर्ण दुखापतीत.

‘फिजिओथेरपी नको’ हे तर उलटंच आहे. सांधे आखडलेले, हाडं ठिसूळ झालेली किंवा पाठीला जखम असेल, तर कुठलंही चांगलं केंद्र रोबोटवर चढवणार नाही. अंगावर घालून चालायचा ‘रीवॉक’ हा मोटारींचा सांगाडा अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाला, तोही हातात कुबड्या आणि सोबत प्रशिक्षित माणूस या अटीवर.

सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या वाक्याने होतं. व्हीलचेअरची सवय लागून कुणाचं चालणं थांबलेलं नाही. खाटेवर पडून राहून मात्र माणसं गेली आहेत, जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. आपल्याकडे खुर्ची आणली तरी गादीऐवजी चादरीची घडी टाकतात. सोलापुरी चादर जाड, घडीच्या कडा टणक. बधिर कातडीला टोचतंय हे कळत नाही, संध्याकाळी बैठकीच्या हाडावर लाल वळ दिसतो आणि बोटाने दाबला तरी पांढरा होत नाही. जखमेची सुरुवात ती. योग्य गादी घ्या, दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून भार हलवायला शिकवा, रोज आरशात पाठ-बैठक बघा. लघवीची नळी ठरल्या वेळी स्वतः घालायला शिकवा. हे जमलं की मुलगा पुन्हा दुकानात बसतो, कॉलेजला जातो.

मी रोबोटच्या विरोधात नाही. पायात थोडी हालचाल असेल, तर एका बैठकीत शेकडो पावलांचा सराव तो थेरपिस्टची कंबर न मोडता करून घेतो. पुण्या-मुंबईला जायचं ठरवलंच, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: दुखापतीचा ए ते ई पैकी दर्जा (ए म्हणजे पूर्ण दुखापत, ई म्हणजे जाणीव-ताकद नेहमीसारखी), किती आठवड्यांनी काय मोजणार, आणि फरक नाही पडला तर कधी थांबणार.