अडतो तो उच्छ्वास

‘दम लागला की जोरात, खोल श्वास घ्या’ हा एका लेखात वाचलेला सल्ला सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणाऱ्या, फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला सरसकट देऊ नये. या आजारात हवा मुख्यतः अडते ती बाहेर पडताना. फुप्फुसाची लवचीकता गेलेली असते, त्यामुळे बारीक श्वासनळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवणारा आधारच कमी होतो. रुग्ण जोर लावून श्वास सोडायला जातो, तसा छातीतला दाब वाढतो आणि त्या नळ्याच दाबल्या जातात. जुनी हवा आत साठते. मग आणखी खोल श्वास घ्यायला जागा उरते कुठे?

माझ्या आईलाही हाच आजार आहे. तिने विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, उभा जन्म चुलीपुढे, धुरात गेला. (लेखात या आजाराला कारण होणारा धूर म्हणजे फक्त सिगारेटचा, तेही खटकलं.) फिजिओथेरपिस्टने तिला शिकवलं, श्वास नाकाने सावकाश घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, जोर न लावता, घेतल्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. ओठांशी हवा थोडी अडली की नळ्यांमधला दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत. जिन्यावर ती आता पाऊल उचलताना श्वास सोडते. श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप अर्थात चालूच आहे.