लोगो बदलला, अन् गाव डिझायनर झालं

गुगलच्या 'जी'मधला लाल रंग पिवळ्यात मिसळला म्हणून कोणाच्या घरच्या कूलरचं पाणी आटलं का? मग काहून एवढा कल्ला करून राहिले होते सगळे?

2025 चा मे महिना. दुपारी नागपूरच्या बर्डीवर, भर बाजारात, माणूस शोधून सापडत नाही असे दिवस. आणि आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐन दोन वाजता एकानं फोटो टाकला. डावीकडे जुना 'जी', उजवीकडे नवा 'जी', खाली 'कसा वाटला?' झालं सुरू. बदल म्हणजे काय, तर जवळपास दहा वर्षं चार रंगांचे चार वेगळे तुकडे होते, ते आता एकमेकांत विरघळले. बस. डोळे बारीक केल्याशिवाय फरक कळणार नाही, एवढाच. पण ज्यांनी स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरची धूळ कधी पुसली नाही, ते सगळे रंगसंगतीवर बोलायला लागले. एक म्हणे आत्मा हरवला. कोणाचा बाप्पा? अक्षराचा?

मी फ्लेक्स आणि विजिटिंग कार्डाचं दुकान चालवतो, आतल्या गल्लीत. लोगो हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून प्रत्येकाला वाटते की मत मागायला मीच बरा. आणि मत मागायची पद्धतही ठरलेली : "भाऊ, एवढ्याचे करोडो घेतले असतील ना बे त्यानं? तुम्ही पाच मिनिटांत केलं असतं!" मला मोठेपणा देऊन राहिले असं त्यांना वाटते. प्रत्यक्षात माझ्या धंद्याची किंमत पाच मिनिटं आहे, हे ते सांगत असतात. आणि हाच माणूस स्वतःच्या दुकानाचं कार्ड छापताना तीन-तीन प्रूफ परत पाठवते. थोडं मोठं करा, थोडं लहान करा, पहिलंच बरं होतं. शेवटी एका कोपऱ्यात संत्रं टाकायला लावते. बॅटरीचं दुकान असो, बेकरी असो, पॅथॉलॉजी असो, नागपूर म्हटलं की संत्रं पाहिजेच. माझ्या कॉम्प्युटरमध्ये संत्र्यांचं एक वेगळं फोल्डर आहे, सोललेलं, अर्धं, पानासकट, सगळं.

या 'पाच मिनिटां'वाल्यांचा सर्वात मोठा सण 2021 मध्ये झाला होता. शाओमी या मोबाइल कंपनीनं केन्या हारा नावाच्या जपानी डिझायनरकडून नवा लोगो करून घेतला. चौकोन होता, त्याचे कोपरे गोल झाले. अक्षरं जवळपास तीच, नारिंगी रंगही तोच. जगभर लोक हसले. आमच्याकडेही हसले. त्यात गणितातलं काही सूत्र वापरून वळण ठरवलं होतं, ते कोणी वाचलंच नाही. वाचलं असतं तर जास्त हसले असते. पण हसता हसता प्रत्येकानं तो लोगो दहा जणांना पाठवला ना? कंपनीला एक पैसा न लागता गल्लीगल्लीत जाहिरात. आणि ज्याला शिवी घालायची, त्याचाच फोटो सर्वात जास्त फॉरवर्ड करायचा, हे शहाणपण आपलं. याहू कंपनीनं तर 2013 मध्ये महिनाभर रोज एक वेगळा लोगो दाखवला आणि मग खरा काढला. म्हणजे या लोकांना पक्कं माहीत आहे की तुम्ही भांडणार. ते वाटच पाहून राहतात.

दुसरी जमात 'जुनाच बरा होता'वाल्यांची. यांना मी ओळखून आहे. 2015 च्या सप्टेंबरात गुगलनं अक्षरांच्या टोकांची ती जुनी शेपटं काढली आणि साधी गोल अक्षरं घेतली, तेव्हा हेच ओरडत होते की बालवाडीची पाटी झाली. आता त्याच बालवाडीच्या पाटीसाठी गळा काढून राहिले. 2016 मध्ये इन्स्टाग्रामचा तपकिरी कॅमेरा जाऊन जांभळा-गुलाबी-नारिंगी चौकोन आला, तेव्हाही तेच. आज तो जुना कॅमेरा दाखवला तर आमच्या भाच्याला ते इन्स्टाग्राम आहे हेही ओळखू येत नाही. म्हणजे हे प्रेम जुन्या लोगोवर नाही, आठवड्याभराच्या सवयीवर आहे.

आणि ज्या गोष्टीबद्दल बोलायला पाहिजे होतं, तिच्याबद्दल एक माणूस बोलला नाही. 2015 च्या त्या बदलामागे गुगलनं एक कारण दिलं होतं : साध्या आकारामुळे लोगोची एक आवृत्ती फक्त 305 बाइटमध्ये (बाइट म्हणजे फाइल किती जड, ते मोजायचं माप) बसते, आधीची साधारण 14,000 बाइटची होती. ज्याच्या गावात नेट रांगत चालते, त्याच्यासाठी हे कामाचं होतं. त्यावर चर्चा? शून्य. 'मला आवडलं' आणि 'मला नाही आवडलं', याच्या पुढे आपली गाडीच जात नाही. लग्नात जेवण कच्चं आहे, पाणी संपलं आहे, आणि आत्याबाई नवरीच्या साडीच्या काठावर बोलून राहिल्या आहेत, तसलं आहे हे सगळं.

आता माझं डोकं खरं कशानं फिरते, ते सांगतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी भाजी घेऊन बसतात. पहाटे कॉटन मार्केटमधून माल उचलतात, पैसे फोनवरून देतात. इंग्रजी वाचता येत नाही. फोन पोरानं लावून दिला तो इंग्रजीतच आहे, कारण पोराला तसाच येतो. मावशी अ‍ॅपचं नाव वाचत नाहीत, चित्र पाहतात. खालून दुसऱ्या ओळीत, अमुक रंगाचं, अमुक आकाराचं. अंगठा बरोबर तिथे जाते. त्या अंगठ्याला एक अक्षर माहीत नाही, पण आजवर एक रुपया चुकीच्या माणसाला गेला नाही.

एक दिवस रात्रीतून अपडेट झालं आणि चित्रच बदललं. कुठल्या कंपनीचं, ते सोडा. सकाळी अडत्यापुढे उभ्या राहून मावशी फोन चाळत राहिल्या. मागे लाइन लागलेली. अडत्या म्हणे, "मावशी, बाजूला व्हा न." अर्धा माल तिथेच सोडून आल्या. माझं शटर वर गेल्याबरोबर दुकानात. फोन दोन्ही हातांत धरलेला, चेहरा पांढरा.

"बाबू, माह्या फोनातून पैशाचं गेलं."

"मावशी, गेलं नाही, हे काय, इथेच आहे."

"हे तं दुसरंच हाये. याले मी हात नाही लावत. बँकेतल्या पोरीनं सांगितलं हाये, ओळखीचं नसन तं दाबू नका."

बरोबर बोलत होती ना ती? शब्दन् शब्द बरोबर! बँक सांगते, पोलीस सांगतात, फोनची रिंग वाजायच्या आधी रेकॉर्डिंगमध्येही सांगत होते : अनोळखी काही उघडू नका. मावशींनी ते मनावर घेतलं. आणि मग एखाद्या कंपनीला एक दिवस वाटते की आपला चेहरा जरा ताजातवाना करावा, आणि कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये ओळखीचं चित्र रात्रीतून अनोळखी करून टाकते. ना आधी सूचना, ना 'मी तोच आहे' असं सांगणारी मराठीत एक ओळ. आठवडाभर जुनं चित्र बाजूला ठेवून दाखवलं असतं तर कोणाचा खिसा फाटला असता? मला मावशींची शिल्लक उघडून दाखवावी लागली, तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली आला. त्यातही दोनदा विचारलं, "पक्कं ना?"

यावर ट्रेंड होत नाही. यावर मीम बनत नाही. कारण मीम बनवणाऱ्याला वाचता येते.

ओरडल्यानं काही होत नाही असंही नाही. तिथे तर माझा अजूनच संताप होते. 2021 च्या सुरुवातीला अ‍ॅमेझॉननं अ‍ॅपवर खोक्याचं चित्र लावलं, वर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा. लोक म्हणाले ही तर हिटलरची मिशी. काही आठवड्यांत कंपनीनं पट्टीचं टोक गुपचूप दुमडून टाकलं. त्याच सुमारास मिंत्रा या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीच्या 'एम'मध्ये कोणाला तरी अश्लील काही दिसलं, मुंबईत सायबर पोलिसांकडे तक्रार गेली आणि लोगो बदलला. म्हणजे ओरडलं की ऐकतात! मग ओरडायला विषय काय निवडले आपण? मिशी आणि अश्लीलता. 2020 च्या ऑक्टोबरात गुगलनं जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना तेच चार रंग फासले. ओळीत ठेवले तर एकाच मापाचे चार भाऊ. तेव्हा थोडे लोक बोलले की अरे, हे वेगळे ओळखायचे कसे. चार दिवस बोलले, दमले, गप्प झाले. हीच एक तक्रार कामाची होती.

माझ्या धंद्यात हे रोज दिसते. काउंटरवर ठेवायचा तो क्यूआर कोडचा स्टँड, ज्याला सगळे 'स्कॅनर' म्हणतात, तो मी छापून देतो. खाली ओळीत अ‍ॅपचे लोगो टाकावे लागतात. तांत्रिकदृष्ट्या त्या लोगोंची काही गरज नाही. यूपीआय 2016 मध्ये आलं, तेव्हापासून त्याची खुबीच ही आहे की कोणत्याही बँकेचं खातं असो, कोणतंही अ‍ॅप असो, पैसे जातात. पण गिऱ्हाईक कोड पाहत नाही, खालची ओळ पाहते. आपल्या फोनमधलं चित्र तिथे दिसलं नाही की विचारते, "याच्यावर आपलं चालते का?" लोगो बदलला की जुन्या स्टँडवर हा प्रश्न वाढते आणि दुकानदार माझ्याकडे येते. कंपनी एक बटण दाबते, इथे दुकानदार नव्या स्टँडच्या सनबोर्डाचे पैसे भरते.

आणि हे नवे रंग! पडद्यावर बघायला गोड. लाल हळूहळू पिवळा होते, पिवळा हिरवा. एकदा आमच्या मशीनवर काढून पाहा. पडद्यावर चमकणारा रंग शाईत तसा उतरतच नाही, आणि स्वस्त फ्लेक्सवर त्या विरघळण्याचे पट्टे पट्टे दिसतात. रेडियममध्ये कापायचं म्हटलं तर विषयच संपला. रेडियमचा एक रोल म्हणजे एक रंग, त्यात विरघळवू काय? मग गिऱ्हाईक म्हणते, "तुमच्याकडे नीट निघत नाही." त्यानं स्वतः आणलेला लोगो कसा असते, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, नखाएवढा, कडा फाटलेला. तो दहा फूट करायचा असते. उद्या सकाळी पाहिजे.

सर्वात कहर 2023 च्या जुलैत झाला. ट्विटरचा पक्षी उडाला आणि तिथे 'एक्स' आला. गावातल्या अर्ध्या पाट्यांवर फोन नंबरखाली तो निळा पक्षी होता, अजूनही आहे. बऱ्याच जणांचं खातंही नव्हतं. ओळ भरल्यासारखी दिसते म्हणून टाकला होता. एका कोचिंग क्लासच्या सरांना मात्र घाई झाली. बोर्ड, स्टँडी, बॅनर, सगळीकडे पक्षी काढा, नवीन टाका, आपण अपडेट दिसलो पाहिजे. टाकलं. आठ दिवसांत सरांचा फोन : "अहो, ते काढा. पालक विचारून राहिले, क्लासच्या नावाखाली फुली काहून मारली?" आता परीक्षेचा धंदा करणाऱ्या माणसाच्या बोर्डावर फुली! मी हसलो नाही. मी गिऱ्हाइकासमोर हसत नाही. गेलो, शिडी लावली, पक्षी परत चिकटवला. ट्विटरवर पक्षी नाही, पण आमच्या सरांच्या बोर्डावर आहे, आणि कोणाचं काही अडलं नाही.

त्याच सरांनी परवा ग्रुपवर लिहिलं की मोठ्या कंपन्यांना लोगोचं महत्त्व कळते, आपल्या लोकांना कळत नाही. वर अंगठ्याचे पंधरा-वीस इमोजी. सर, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे. पक्षी काढायचे आणि पक्षी परत लावायचे, दोन्हीचे पैसे अजून यायचे आहेत. स्कॅनर काउंटरवरच आहे. कोणत्याही अ‍ॅपनं चालते.