‘चालतंय ना? मग कशाला बदलायचं?’

हे वाक्य परत कुणी माझ्यासमोर बोललं तर खरंच माझा तोल जाईल.

पुण्याच्या नऱ्ह्यात एका कारखान्याचं आयटी मी एकटा बघतो. सर्व्हर, नेटवर्क, फायरवॉल, युपीएस, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, लायसन्स, सगळं. परवा वळवाचा पाऊस आला, लाईट गेली आणि सर्व्हर धाडकन बसला. का? तर युपीएसच्या बॅटऱ्या मेल्यात. त्या बदला म्हणून मी कधीपासून घसा कोरडा करतोय! दर वेळी एकच उत्तर: ‘अहो, जनरेटर आहे ना आपल्याकडे.’

जनरेटर आहे हो, पण तो सुरू होऊन लोड घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या सेकंदांसाठीच युपीएस असतो. लेथला दहा सेकंद वीज नसली तर लेथ थांबतो, परत चालू होतो. टॅलीत चार जणी एंट्री करत असताना सर्व्हर असा पडला तर डेटा करप्ट होतो. झालाच. मग ई-इनव्हॉइस निघेना, ई-वे बिल निघेना, माल भरलेला टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि साहेब माझ्या डोक्यावर. ‘इतका वेळ? तुम्ही नक्की करता काय?’

आणि या बॅटऱ्या वेळेआधी मेल्या कशाने, तेही ऐका. सीलबंद बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगतात. त्यावर आठ-दहा अंश चढले की ते जवळजवळ निम्मं होतं. आमचा सर्व्हर-युपीएसचा रॅक कुठाय? जिन्याखाली, जुन्या फायलींच्या शेजारी, पत्र्याला लागून. एप्रिल-मे महिन्यात तिथे हात लावला तर कॅबिनेटचं दार भाजतं. एसी मागितला तर म्हणे, मशिनला कशाला एसी? रिसेप्शनला मात्र दोन लावलेत.

बॅकअपचं तर बोलायलाच नको. ‘सर्व्हरला दोन डिस्क आहेत ना, एक गेली तर दुसरी आहे.’ अरे, ती मिररिंग आहे! चुकून डिलीट केलेली फाईल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, व्हायरसने लॉक केलेली दोन्हीकडे लॉक होते. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, वेगळ्या जागी, आणि ती उघडते का हे अधूनमधून रिस्टोअर करून बघायचं. त्या रिस्टोअरसाठी एक जादा मशिन मागितलं, तर ‘पुढच्या क्वार्टरला बघू’. तो क्वार्टर कधी उजाडतच नाही.

इंटरनेटचंही तेच. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्यात म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगतात. दोन्ही फायबर एकाच खांबावरून, एकाच पाइपातून आत आलेत. बाहेर जेसीबीने एकदा खोदलं की दोन्ही गेल्या. दुसरी लाइन मागच्या गल्लीतून घ्या, असं मी लेखी दिलं होतं. स्वस्त पडतं म्हणून त्याच खांबावरून ओढली.

सर्व्हरवर अजून विंडोज सर्व्हर २०१२ आहे. त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, म्हणजे सुरक्षेत नवं भोक सापडलं तरी ते बुजवणारा नेहमीचा पॅच येणार नाही. सांगायला गेलं की, ‘आपल्याला कोण हॅक करतंय? आपण काय बँक आहोत?’ याच पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा अख्खं शहर हादरलं होतं. आणि रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, बँक की कारखाना हे विचारत नाही, भोक दिसलं की घुसतं. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा, तोही रॅन्समवेअरच. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते बसले. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचेत, सायबर हल्ल्याची घटना ६ तासांत कळवायची आहे. आमच्या फायरवॉलमध्ये आठवड्याच्या वर लॉग राहत नाहीत, कारण वर्षानुवर्षं स्टोरेज ‘होल्डवर’ आहे.

नवीन सीएनसी घ्यायची असली की पेढे वाटतात, नारळ फोडतात. त्या मशिनचा प्रोग्रॅम, ड्रॉइंग, ऑर्डर, बिल, सगळं ज्या सर्व्हरवर आहे त्याच्यासाठी पैसे मागितले की ‘खर्च’. वर सगळं नीट चाललं की ‘आयटीवाल्याला काम काय असतं?’ आणि बंद पडलं की ‘आयटीवाला कशासाठी ठेवलाय?’ रात्री अकराला दुसऱ्या शिफ्टचा फोन येतो तेव्हा मी उचलतो. रविवारी येऊन पॅच टाकतो. ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

बॅटऱ्यांचं कोटेशन आज परत पाठवलंय, सर्व्हरचं सोबत जोडलंय. या वेळी खाली स्पष्ट लिहिलंय: नको असेल तर ‘नको’ असं सहीनिशी मेलवर कळवा. तोंडी ‘बघू’ मी आता घेणार नाही.