पाणी कधी येणार हे सांगायला तुम्हाला अडवलंय कोणी?

पावसाळा लागला की माझं डोकं रोज सकाळी तापतं, आणि तापवतो तो रेडिओ. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे रात्री वारा सुटला की लाईट जाते. तिच्यामागोमाग मोबाईलची रेंज. मग घरात उरतो सेलवरचा ट्रान्झिस्टर. अशा वेळी माणसाला हवं तरी काय असतं? वाळवंटी नदीचं पाणी साखळीच्या बाजारापर्यंत आलंय का, चोर्ला घाटात दरड पडलीय का, फेरीबोट चालू आहे का, शाळेला सुट्टी दिली का. बस्स, इतकंच.

खासगी एफएम केंद्र लावावं तर तिथली बाई हिंदी-इंग्रजीत विचारतेय, पावसात तुम्हाला कोणाची आठवण येते? मग हिंदी गाणं. मग कॅसिनोची जाहिरात. मग गोव्यात दुसरं घर घ्या म्हणून सांगणारा बिल्डर. अहो, आमच्या पहिल्या घरात चिखल शिरलाय, त्याचं बोला ना! मराठी नाही, कोकणीही नावापुरतीच. सगळं चाललंय ते चार दिवसांसाठी आलेल्या पर्यटकासाठी. बारा महिने इथे राहणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नाही.

एकदा राहवलं नाही म्हणून एका केंद्राला फोन लावला. उत्तर मिळालं, ‘आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नसते.’ हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे खरं, आणि ती बंदीही मला पटत नाही. पण २०११ च्या एफएम धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा यांना दिलेली आहे. त्याच धोरणात स्पष्ट लिहिलंय की वाहतूक, हवामान, परीक्षा आणि निकाल, शाळा-कॉलेजांचे प्रवेश, स्थानिक सण-उत्सव, आणि प्रशासनाने दिलेल्या वीज-पाण्याच्या, नैसर्गिक आपत्तीच्या, आरोग्याच्या सूचना या बातम्या धरायच्याच नाहीत. म्हणजे हे सगळं यांना सांगता येतं. बिनधास्त. कायदा आडवा येत नाही, यांचा नफा आडवा येतो. सूचना वाचायला लागणारा अर्धा मिनिट जाहिरातीला विकता येतो, एवढीच काय ती अडचण.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ रस्त्याचं काम चालू असताना ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची जलवाहिनी फुटली. पणजी, तिसवाडी, फोंडा, कित्येक दिवस नळ कोरडे. म्हाताऱ्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. टँकर कुठे आणि किती वाजता येणार, हे तासातासाला सांगायला याहून योग्य साधन दुसरं कोणतं?

आकाशवाणीचं सगळंच मला आवडतं असं नाही. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९७ पासून कागदावर स्वायत्त आहे, पण सरकारला टोचेल असं तिथे काही ऐकू येत नाही. आणि वर्षानुवर्षं जो आवाज आपण ओळखतो, तो निवेदक बहुतेकदा नैमित्तिक, पाळीमागे मानधन घेणारा. ना पेन्शन, ना उद्याची हमी. याचीही चीड येते. तरीसुद्धा पणजी केंद्रावर कोकणी-मराठी बातम्या लागतात, समुद्रात जाऊ नका हे मच्छीमारांना सांगितलं जातं, शेतकऱ्यासाठी कुणी बोलतं, भजन लागतं, नाट्यसंगीत लागतं. या सगळ्याला जाहिरातदार मिळत नाही, म्हणूनच ते सरकारी पैशातून व्हायला हवं आणि जास्त पैशातून व्हायला हवं.

या गोव्याला रेडिओची किंमत शिकवायची गरज नाही. १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलात राहून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. पोर्तुगीज सेन्सॉर जे दाबायचा ते लोकांच्या कानी घालण्यासाठी. जाहिरात नाही, पगार नाही, मागे पोर्तुगीज. आणि आज वातानुकूलित स्टुडिओत बसलेल्यांना दरडीची सूचना वाचायला जमत नाही?

हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. लिलावात बोली लावली म्हणून ती कोणाच्या बापाची होत नाही. त्या २०११ च्या धोरणातले, म्हणजे खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्यातले परवाने १५ वर्षांचे आहेत. पुढचे देताना त्यात मुभा नको, सक्ती घाला: वीज, पाणी, रस्ते, पूर, सगळ्या सूचना रोज, ठरलेल्या वेळी, मराठीत आणि कोकणीत. ज्यांना परवडत नाही त्यांनी लहर मोकळी करावी.