नॅरोगेजमध्ये ब्रॉडगेज

चिखलदऱ्याला मोटरसायकलनं जाऊ, असं मी बायकोला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात म्हटलं होतं. अकराव्या उन्हाळ्यात तिनं विचारलं, "आणि बॅगा? रामटेकला गेलो तेव्हा दोन्ही माझ्या मांडीवर होत्या." मुद्दा बिनतोड होता. म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना बॅगा अडकवायचे लोखंडी रॅक मागवले. जाहिरातीत लिहिलं होतं : भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही, अर्ध्या तासात फिटिंग. हा अर्धा तास कोणत्या गावचा, ते लिहिलं नव्हतं.

खोकं आलं ते नेमकं नवतप्यात. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस नागपूरकर माणूस कूलरसमोरून फक्त जेवायला उठतो. त्या दिवसांत उघड्यावर पडलेला पाना सकाळी नऊला हातात घेतला, तर चिमटा आणायला घरात पळावं लागतं. आमचं घर नागपूरच्या महाल भागात. रस्त्यापासून एक बोळ, बोळात काकांचा दगडी ओटा, आणि आत आंगण. आंगणात निंबाची सावली आहे. रोज गाडी नेतो तशीच नेली : आरसे दुमडले, हँडल ओट्याच्या वरून काढलं, पोट आत घेतलं आणि ढकलली.

खोक्यात दोन रॅक, एक जोडपट्टी, नट-बोल्टची पुडी आणि एक कागद होता. कागदावर मोटरसायकलचं चित्र होतं. ती माझी मोटरसायकल नव्हती.

सीट काढली, मागचं हँडल सोडवलं. इथवर मी शीळ घालत होतो. मग पाना आडवा आला. गाडीच्या मूळ 8 मिलिमीटर बोल्टच्या डोक्याला 12 चा पाना लागतो, आणि रॅकसोबत आलेल्या 8 मिलिमीटरच्याच नटाला 13 चा. माझ्याकडे 12-13 चा दुतोंडी पाना होता, त्यामुळे मी स्वतःवर खूश झालो. ती खुशी बोल्ट भोकात जाईपर्यंत टिकली. समोरून बोल्टचं डोकं 12 नं धरायचं आणि त्याच वेळी मागचा नट 13 नं फिरवायचा. पाना एक, तोंडं दोन. नवरा आणि नवरी एकाच माणसानं व्हायचं, अंतरपाटही त्यानंच धरायचा, असा तो प्रकार.

"काय करून राह्यले बाप्पा?" ओट्यावरून आवाज आला.

काका मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे 13 चा पाना असणारच होता. पण काकांचा पाना उसना मिळत नाही. पान्यासोबत काका येतात. आले, रॅकभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "दूध टाकणं सुरू केलं का?"

"नाही काका, चिखलदऱ्याला जायचं आहे."

"मंग हे कॅनीचं स्टँड काहून?"

याला उत्तर नव्हतं. कारण दूरून, जवळून, कुठूनही पाहिलं तरी ते कॅनीचंच स्टँड दिसत होतं.

पहिले तीन बोल्ट आम्ही दोघांनी कचकचून आवळले. चौथं भोक गाडीच्या भोकापासून अर्धं बोट खाली. काका म्हणाले, भोकच चुकीचं पाडलं आहे. मी रॅक वर ओढला, काकांनी खालून पाय लावला, बायकोनं गाडी धरली. शेजारच्या वहिनी ताक घेऊन आल्या आणि तांब्या हातात तसाच धरून बघत उभ्या राहिल्या. घाम डोळ्यांत, ग्रीस कपाळावर, आणि भोक जिथल्या तिथं. तेवढ्यात आमच्या कूलरची मोटर पाहायला आलेला पोरगा, वय सतरा असेल-नसेल, जाता जाता थांबला.

"भाऊ, पह्यले सगळे ढिल्ले ठेवा नं. बोटानं दोन-दोन आटे धरवा. चारही बसले की मंग टाइट मारा."

तीन बोल्ट ढिले केले. चौथा बोटानं आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी हेच म्हणून राह्यलो होतो."

पुढचं पटकन सांगतो. इंडिकेटर मागे सरकवले, एक वायसर गटारात गेला, संध्याकाळ झाली. उजव्या बाजूला सायलेन्सर असतो, त्याला चुकवायला तिकडचा रॅक चांगलाच बाहेर येतो. मग गाडी एकांगी दिसू नये म्हणून डावाही तेवढाच बाहेर. मागून पाहिलं की पदर खोचून, कमरेवर हात ठेवून कोणी भांडायला उभी आहे असं वाटायचं.

"हादऱ्यानं बोल्ट ढिले होते," काका म्हणाले आणि घरातून एक लाल नळी घेऊन आले. थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद. निळा लावला तर बोल्ट पुन्हा पान्यानं सुटतो. लाल लावला की सुटत नाही. काकांकडे लालच होता. प्रत्येक बोल्ट काढून, आट्यांवर एकेक थेंब टाकून त्यांनी तो देवाला गंध लावावं तसा परत बसवला.

पहाटे पाचला निघायचं होतं. ऊन चढायच्या आत अमरावती गाठायची, परतवाड्याला नाश्ता, मग घाट. मी गाडी उलटी बोळात घेतली. आरसे दुमडले. हँडल ओट्यावरून जाणार म्हणून निवांत होतो. पण हँडलला अजून वेळ होता, आधी रॅक आला. डावा ओट्याला घासला, उजवा भिंतीला. मी जरा जोर केला. हा जरा जोर करायला नको होता. आता गाडी पुढंही जाईना आणि मागंही येईना.

काका कडुनिंबाची काडी चावत बाहेर आले. बराच वेळ पाहिलं.

"नॅरोगेजमध्ये ब्रॉडगेज घातली तुम्ही. 762 मिलिमीटरमध्ये 1,676 कशी जाईन?"

"एका बाजूचा रॅक काढतो काका. 13 चा पाना द्या."

"नाही निघत. लाल आहे नं."

"मग?"

"तापवा लागते. अडीचशे डिग्री."

जन्मभर ज्या उन्हाला शिव्या दिल्या, ते पहिल्यांदाच कमी पडलं.

तेवढ्यात दूधवाला आला. बोळ बंद, आत यायला जागा नाही. तो हसला नाही, धंद्याचा माणूस. वाकून रॅकची पाइप दाबून पाहिली, वितेनं रुंदी मोजली.

"मजबूत आहे. कितीले बनवलं?"

मी किंमत सांगितली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं म्हैस विकून बकरी आणलेल्या माणसाकडे पाहतात. मग एक लिटरची पिशवी रॅकच्या हुकाला अडकवली आणि निघून गेला.

आतून हेल्मेट घातलेल्या बायकोचा आवाज आला, "अहो, दूध आलं का?"

"हो," मी म्हटलं. "रॅकवर आहे."